बिनमातीचा संच, दोन प्रकारच्या कुंड्या आणि खोक्यावरचे दावे

बारा छिद्रांचे झाकण असलेली चार लिटरची टाकी, पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप, 24 वॅटचा एलईडी दिवा आणि अन्नद्रव्यांच्या ‘अ’ व ‘ब’ अशा दोन बाटल्या, एवढा ऐवज असलेला घरगुती हायड्रोपोनिक (मातीऐवजी अन्नद्रव्ये मिसळलेल्या पाण्यात रोपे वाढवणारा) संच मी गेले चार महिने वापरतो आहे. खोक्यावर दोन दावे ठळक छापलेले आहेत: मातीपेक्षा भाजी लवकर तयार होते आणि ती संपूर्ण सेंद्रिय असते. पहिला दावा अर्धा खरा आहे. दुसरा मुळीच टिकत नाही.

ताडून पाहण्यासाठी मी एकाच पाकिटातले लेट्यूसचे बी तीन ठिकाणी पेरले: संचात, कंपोस्ट मिसळलेल्या मातीच्या कुंड्यांत, आणि नुसत्या मातीच्या कुंड्यांत, ज्यांना मी विद्राव्य रासायनिक खत देत होतो. संचातले लेट्यूस 38 दिवसांत कापणीला आले. खिडकीतल्या कंपोस्टच्या कुंड्यांना 55 दिवस लागले आणि रासायनिक खताच्या कुंड्या त्यांच्यापेक्षा जेमतेम तीन दिवस पुढे राहिल्या. एवढ्यावर थांबलो असतो तर खोक्याचे म्हणणे मीही मान्य केले असते. परंतु संचातल्या रोपांना रोज 16 तास दिवा मिळत होता आणि कुंड्यांच्या वाट्याला खिडकीतून येईल तेवढाच प्रकाश होता, तेव्हा ही तुलना पद्धतींची नसून प्रकाशाची होत होती. दुसऱ्या खेपेस तसाच दिवा आणून त्याच उंचीवर कुंड्यांवर टांगला, तर कंपोस्टच्या कुंड्या 43 दिवसांत तयार झाल्या. 17 दिवसांचे अंतर 5 दिवसांवर आले. म्हणजे ज्या वेगाचे श्रेय पाण्याला दिले जाते, त्यातला मोठा वाटा दिव्याचा आहे, आणि त्या दिव्याने एका खेपेला सुमारे साडेचौदा युनिट वीज घेतली, ज्याचा उल्लेख खोक्यावर कुठेही नाही. उरलेले 5 दिवस मात्र पद्धतीचेच म्हणावे लागतील, कारण विरघळलेले अन्न मुळांपाशी सतत हजर असते आणि सेंद्रिय पदार्थ कुजून त्यातला नत्र मोकळा होण्याची वाट रोपाला पाहावी लागत नाही.

सेंद्रियपणाचा दावा खोडून काढायला बाटलीवरची बारीक अक्षरेच पुरतात. ‘अ’ बाटलीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोहाचे चिलेट (पाण्यात विरघळलेले राहणारे लोहाचे संयुग) आहे, ‘ब’ बाटलीत पोटॅशियम फॉस्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट. हा नत्र कारखान्यात हाबर-बॉश प्रक्रियेने, म्हणजे हवेतल्या नत्रापासून, तयार झालेल्या अमोनियातून येतो, म्हणजे रासायनिक खताच्या कुंड्यांत मी जे घालत होतो तेच येथे पाण्यात घातले जाते. रोपाला त्याने काही अपाय होत नाही. कंपोस्टमधला नत्रही मुळे अखेर नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपातच प्रामुख्याने घेतात. प्रश्न नावाचा आहे. युरोपीय संघाच्या 2018/848 या नियमानुसार सेंद्रिय पीक जिवंत मातीत वाढवावे लागते. अमेरिकेत बिनमातीच्या पिकालाही सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकते, परंतु तेथेही अशी कृत्रिम नायट्रेट खते चालत नाहीत.

बाटल्या दोन का आहेत, हे माहितीपत्रकात सांगितलेले नाही, आणि त्याचा फटका मला पहिल्याच दिवशी बसला. दोन्ही द्रावणे मी एकाच मापात ओतली आणि पाहता पाहता तळाशी पांढरा गाळ बसला. दाट द्रावणातले कॅल्शियम हे फॉस्फेट व सल्फेट यांना भेटले की न विरघळणारे क्षार तयार होतात, आणि ते मुळांच्या उपयोगाचे राहत नाहीत. टाकीतल्या पाण्यात आधी एक द्रावण घालून ढवळावे आणि मगच दुसरे घालावे, हे एक वाक्य छापायला हवे होते. सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा आकडा) तपासण्याची पट्टीही संचात नाही. द्रावणाचा सामू 5.5 ते 6.5 असावा लागतो. माझ्याकडे तो 7 च्या वर सरकला तेव्हा कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, ही लोह न मिळाल्याची खूण. त्याच चढत्या सामूच्या पाण्यावर वाढणाऱ्या कंपोस्टच्या कुंड्यांत असे काही दिसले नाही, कारण माती असे चढउतार बरेचसे पचवते. पंप एकदा रात्रभर बंद राहिला तेव्हाही हेच जाणवले: कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि दोन दिवसांत पांढरीशुभ्र मुळे तपकिरी व बुळबुळीत झाली.

अशा संचांच्या पाणीबचतीचे जे कौतुक होते, ते मात्र खरे आहे. बारा रोपांना संचात 17 लिटर पाणी लागले, तेवढ्याच रोपांच्या कुंड्यांना जवळजवळ दुप्पट. रोपाची तहान दोन्हीकडे जवळपास सारखीच असते. कुंडीचे पाणी वरून उडते आणि खालच्या छिद्रातून वाहून जाते, तेवढा फरक पडतो. चवीत मला फरक सांगता आला नाही.

तिसऱ्या खेपेला कुंड्यांतली माती तीच ठेवून त्यात चार मुठी कंपोस्ट मिसळले. संचासाठी मात्र छिद्रांत रोपे धरून ठेवणारे नवे बारा स्पंज मागवावे लागले, कारण जुन्यांत मुळे गच्च गुंतलेली होती, आणि त्या मापाचे स्पंज हीच कंपनी विकते.