‘मेमरी कमी’चा इशारा आणि किंग्स्टनची ८ जीबी डीडीआर३ रॅम: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

घरच्या जुन्या डेस्कटॉपवर ‘युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी’ असा इशारा दोन-दोन तासांनी येत असेल, तर किंग्स्टनची केव्हीआर१६एन११/८ ही ८ जीबीची रॅम हा त्यावरचा पक्का इलाज आहे. पण तो सगळ्यांना लागतोच असं नाही. बऱ्याच मशीनवर विंडोजची एक सेटिंग सुधारली की एक रुपयाही न घालता इशारा थांबतो. म्हणून दुकानात जाण्याआधी आपला रोग कोणता, ते बघून घ्या.

प्रत्येक प्रोग्रॅम विंडोजकडे मेमरी मागतो आणि विंडोज ती देण्याचं कबूल करते. या सगळ्या कबुलीची बेरीज रॅम अधिक पेजिंग फाइल यांच्यापुढे जाऊ शकत नाही. पेजिंग फाइल म्हणजे रॅम पुरत नाही तेव्हा विंडोज जिथे मेमरी उतरवून ठेवते ती, सी ड्राइव्हवरची ‘पेजफाइल.सिस’ नावाची लपवलेली फाइल. बेरीज मर्यादेला टेकायला आली की इशारा येतो, आणि दुर्लक्ष केलं तर ब्राउझर किंवा वर्ड मधेच बंद पडतं. एक्सपीवर ‘व्हर्च्युअल मेमरी मिनिमम टू लो’ असं यायचं. तेव्हा विंडोज ही फाइल स्वतःच वाढवायला घेत असे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. तिथे ‘कमिटेड’खाली ४.६/४.८ असे दोन आकडे दिसतील. विंडोज ७ वर हेच ‘कमिट’ या नावाने असतं. डावा आकडा आत्ताची कबुली, उजवा मर्यादा. वर ‘इन यूज’मध्ये अजून रॅम शिल्लक दिसत असली तरी गोंधळू नका. प्रोग्रॅमने मागून ठेवलेली पण अजून न वापरलेली मेमरीही कबुलीत धरली जाते, त्यामुळे रॅम मोकळी असतानाही इशारा येऊ शकतो.

४ जीबी रॅमच्या मशीनवर मर्यादा ४.८ च्या आसपास असेल, तर कुणीतरी पूर्वी पेजिंग फाइल १ जीबीवर बांधून ठेवली आहे असं समजा. ‘स्पीड वाढवण्यासाठी’ म्हणून हे सर्रास केलं जातं. ते आधी काढा. ‘धिस पीसी’वर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’. ‘परफॉर्मन्स’ चौकटीतलं ‘सेटिंग्ज’, पुन्हा ‘ॲडव्हान्स्ड’ टॅब आणि ‘व्हर्च्युअल मेमरी’खाली ‘चेंज’. सगळ्यात वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ या ओळीवर टिक करून ओके द्या. घरच्या वापरासाठी हेच उत्तम.

ऑटोमॅटिक असूनही इशारा येत असेल, तर सी ड्राइव्ह बघा. विंडोज १० वर ही फाइल साधारणपणे रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यात जे मोठं असेल तिथपर्यंत वाढते, पण ड्राइव्हच्या एक-अष्टमांशापर्यंतच. ४० जीबीचं सी पार्टिशन असेल तर ५ जीबीलाच गाडी अडते. आणि ड्राइव्हवर जागाच नसेल तर तेवढीही वाढत नाही. अशा वेळी ‘डिस्क क्लीनअप’मधून जुनी विंडोज आणि अपडेटच्या फाइली काढा, मग टिक काढून ‘कस्टम साइज’ निवडा. आकडे एमबीमध्ये भरायचे असतात: ४ जीबी रॅमला ‘इनिशियल’ ४०९६ आणि ‘मॅक्झिमम’ ८१९२ पुरे. त्यानंतर ‘सेट’ बटण दाबायचंच. नुसतं ओके दाबलं तर काहीही बदलत नाही, आणि सेटिंग करूनही इशारा जात नाही अशी तक्रार बहुधा इथेच अडकलेली असते. आकडा वाढवताना सहसा रीस्टार्ट लागत नाही, कमी करताना लागतो.

पेजिंग फाइल डी ड्राइव्हवर हलवण्याचा सल्ला खूप फिरतो. डी हे त्याच हार्ड डिस्कचं दुसरं पार्टिशन असेल तर वेग वाढत नाही, उलट डिस्कच्या हेडला जास्त पळावं लागतं. डिस्क वेगळी असेल तरच उपयोग. ‘रॅम बूस्टर’ प्रोग्रॅम तर मुळीच टाकू नका. ते चालू प्रोग्रॅमची मेमरी रॅममधून बाहेर ढकलतात, आकडा छान दिसतो आणि पुढच्या क्लिकला तीच मेमरी डिस्कवरून परत आणावी लागते. पेन ड्राइव्ह लावून चालणारं रेडीबूस्ट निरुपद्रवी आहे, पण ते फक्त कॅश, म्हणजे डिस्कवरच्या माहितीची हाताशी ठेवलेली प्रत, असल्यामुळे मर्यादा एका एमबीनेही वाढत नाही.

आता रॅम कधी घ्यायची? पेजिंग फाइल नीट करून रोजचं काम उघडा. इशारा गेला, पण एका टॅबवरून दुसऱ्यावर जाताना पडदा गोठतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून राहते आणि रिसोर्स मॉनिटरमधला ‘हार्ड फॉल्ट्स’चा (मेमरी रॅमऐवजी डिस्कवरून आणावी लागण्याचा) आलेख खाली येतच नाही, असं दिसलं तर रॅमच कमी आहे. हार्ड डिस्क रॅमची जागा घेऊ शकत नाही. एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर चालणाऱ्या वेगवान डिस्कवर) तेच काम सुसह्य होतं, म्हणून आधीच ८ जीबी रॅम असेल तर पैसे एसएसडीवर घाला. ४ जीबी असेल तर आधी रॅम.

या रॅमची खरी जागा म्हणजे इंटेलच्या एच६१ चिपसेटचे (मुख्य चिपचे) मदरबोर्ड, म्हणजे आय३-२१०० किंवा आय३-३२२० वगैरे प्रोसेसरची मशीन. दोन स्लॉट, प्रत्येकी ८ जीबी, एकूण १६ जीबी चालते. जुनी ४ जीबीची रॅमची पट्टी काढू नका. शेजारच्या स्लॉटमध्ये ही बसवली की १२ जीबी होतात, आणि त्यातले ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी, चालतात. आय३-२१०० वर ही १६०० मेगाहर्ट्झची रॅम १३३३ ने चालेल, तो दोष नव्हे.

मॉडेल नंबर नीट वाचा, फसगत तिथेच होते. १६ म्हणजे १६०० चा वेग, ‘एन’ म्हणजे डेस्कटॉपची साधी पट्टी, ११ म्हणजे सीएल११ (रॅमला उत्तर द्यायला लागणारा विलंब), शेवटचा ८ म्हणजे ८ जीबी. ‘एन’च्या जागी ‘एस’ असेल तर ती लॅपटॉपची. मधे ‘एल’ असेल तर १.३५ व्होल्टची, नसेल तर १.५ व्होल्टची. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या डीडीआर३ लॅपटॉपला १.३५ व्होल्टचीच लागते. डीडीआर२ लाही डीडीआर३ सारख्याच २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते, जबरदस्ती करू नका. त्याहून जुन्या जी४१ चिपसेटच्या बोर्डवर ही पट्टी घेऊ नये. त्याची एकूण मर्यादाच ८ जीबी आहे आणि त्याला १६ चिपांच्या ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या लागतात. बाजारात खूप स्वस्तात मिळणाऱ्या ‘फक्त एएमडी’साठीच्या पट्ट्या इंटेलच्या बोर्डवर चालत नाहीत, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा गावातल्या दुकानात, बोर्डचं नाव सांगून आणि परत घेण्याची बोली करूनच घ्या.

बसवणं सोपं आहे. वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या धातूला हात लावा. स्लॉटची कुलपं उघडून खाच जुळवा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या. ‘टक्’ असा आवाज होऊन कुलूप आपोआप मिटलं पाहिजे. एक टोक वर राहिलं की मशीन बीप-बीप करतं आणि डिस्प्ले येत नाही. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि चुरा झटकून मगच लावा, जुन्या मशीनमध्ये निम्मं दुखणं तिथेच असतं.

चालू झाल्यावर रॅम कमी दिसली तर तीन गोष्टी तपासा. ३२ बिटची विंडोज ४ जीबीच्या पुढे जातच नाही, साधारण ३.२ ते ३.५ जीबीच वापरू देते. ६४ बिटसाठी नव्याने इन्स्टॉल करावी लागते. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘बूट’च्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक असेल तर काढा. जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘मेमरी रीमॅप’ चालू करावं लागतं. मग सर्चमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधून एक फेरी चालवा. एकही चूक दाखवली तर पट्टी बदलून घ्या. रॅम वाढली म्हणून पेजिंग फाइल बंद करू नका, ऑटोमॅटिकवर राहू द्या.

१२ जीबी असूनही काही तासांनी इशारा परत आला, तर कुठला तरी प्रोग्रॅम मेमरी गिळतो आहे आणि त्याला कुठलीच रॅम पुरणार नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘सिस्टम’मध्ये २००४ क्रमांकाची नोंद शोधा. ‘रिसोर्स एक्झॉशन डिटेक्टर’ त्यात सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्या प्रोग्रॅमांची नावं आणि प्रत्येकाचे बाइट लिहून ठेवतो. ब्राउझरचं नाव आलं तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. कोणता टॅब किंवा एक्सटेन्शन फुगलं आहे ते लगेच दिसतं, आणि ‘मेमरी सेव्हर’ चालू केला की पडून असलेले टॅब मेमरी सोडतात.

विंडोज १० चा आधार, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि एच६१ च्या जमान्यातले प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. त्यामुळे बँकेचे व्यवहार याच मशीनवर करणार असाल, तर ही रॅम घेऊन मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम टाकण्याचा विचार जरूर करा. १२ जीबीवर ते झकास चालतं.