भिलारजवळच्या स्ट्रॉबेरीच्या शेतात शाळेची सहल: पूर्ण हंगामाचा अनुभव

आमच्या साताऱ्यातल्या प्राथमिक शाळेचे तिसरी ते पाचवीचे वर्ग यंदा नोव्हेंबर ते मार्च आळीपाळीने महाबळेश्वर-पाचगणी भागातल्या भिलारजवळच्या एका शेतकरी कुटुंबाकडे नेले. मुलांनी स्वतः स्ट्रॉबेरी तोडायची आणि वजनावर पैसे देऊन घरी न्यायची, अशी तिथली पद्धत. आधी एका मोठ्या ठिकाणी मुलांना दोरीपलीकडून वाफे दाखवून थेट आइस्क्रीमच्या काउंटरवर नेलं होतं. त्यामुळे हे घरचं शेत मला फार मोलाचं वाटतं.

इथे घरातली माणसं मुलांबरोबर वाफ्याशी उकिडवी बसतात. काकू आधी करून दाखवतात: फळ मुठीत धरायचं नाही, देठ नखाने खुडायचा. "बुडाशी पांढरी आहे ना? मग राहू दे तिला." आंबा आढीत पिकतो, स्ट्रॉबेरी मात्र तोडली की तिचं पिकणं थांबलं. हे एकदा कळल्यावर एरवी वर्गात चुळबुळ करणारी पोरंसुद्धा पान उचलून, फळ सगळ्या बाजूंनी निरखून मगच हात लावत होती.

जानेवारीतल्या फेरीत चौथीतल्या एका मुलीला वेडंवाकडं फळ सापडलं. ती टाकून देणार, तोच काकांनी ते सगळ्यांना दाखवलं. फळावरचे ठिपके म्हणजे बिया. फुलावर मधमाशी नीट फिरली नाही की काही बिया भरत नाहीत आणि तेवढ्या भागात गर फुगत नाही. आखडलेल्या भागातले ठिपके बारीक आणि दाटीवाटीने होते, फुगलेल्या भागातले टपोरे आणि लांब लांब. मग बांधाकडेच्या मधपेट्या लांबूनच दाखवल्या. परागीभवनाचा धडा मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवते, पण इतका लख्ख कधी पोचला नव्हता.

अडचणीही आहेत. स्वच्छतागृह एकच, घरातलं. पूर्ण वर्ग नेला तर मुलींची रांग लागते आणि त्यांची कुचंबणा होते. हे मी काकूंना स्पष्ट सांगितलंय. सावलीही कमी, टोप्या हव्यातच. जाण्याआधी फवारणी कधी झाली ते फोन करून विचाराच, कारण मुलं वाफ्यावरच तोंडात टाकतात. इथे विचारलं की खरं सांगतात, एकदा त्यांनीच सहल पुढे ढकलायला लावली. पसरणी घाटात काही मुलांना हमखास उलटी होते, तेव्हा वाईत भरपेट नाश्ता नको.

नोव्हेंबरात पहिले तोडे असतात, फळ कमी मिळतं. जानेवारी-फेब्रुवारीतले मधले वार उत्तम. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत काका-काकूंना मुलांसाठी वेळच उरत नाही. परतताना भिलारमध्ये थांबा. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. मातीच्या हातांची पोरं हात धुऊन तासभर शांत वाचत बसतात.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे आमच्या मुलांना पाठ होतं. ती लावतात कशी, हे मात्र अजून बघायचं राहिलंय. सप्टेंबरअखेर लागवड सुरू झाली की पाचवीला घेऊन या, वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकला, म्हणजे मल्चिंग पेपरला, भोकं पाडून रोपं लावताना दाखवतो, असं काकांनी कबूल केलंय.