फुकटच्या सर्च इंजिनचं दरवर्षी लायसन भरायला लावलं

जळगावला आमचं ठिबक आणि मोटरपंपाच्या सुट्या मालाचं होलसेल आहे, रावेर-यावल-चोपड्याकडचे दुकानदार वेबसाइटवर ऑर्डर टाकतात. साइट जावातली, बाकी चांगली, फक्त सर्च बेकार. कोणी वॉल्व लिहितो कोणी व्हॉल्व, एक अक्षर हललं की "माल सापडला नाही", मग लगेच फोन, भाऊ माल आहे का नाही ते सांगा.

एका पार्टीने "आमचं स्वतःचं सर्च इंजिन" म्हणून जोडून दिलं. जोडणीचे पैसे वेगळे, वर्षाचं लायसन ₹18,000 वेगळं. सोर्स कोड मागितला तर म्हणे कंपनीचं सिक्रेट. चाललं मात्र झक्कास, चुकलेलं स्पेलिंगही ओळखायचं. पण नवीन माल चढवला की तो सर्चमध्ये येईचना! विचारलं तर "इंडेक्स अपडेट करावा लागेल" (इंडेक्स म्हणजे सर्च ज्यात शोधतं ती मालाची यादी), आणि दर वेळी त्याचं बिल. केळीच्या मृगबागेच्या लागवडीच्या टायमाला, म्हणजे ऐन गिऱ्हाइकीत, हे असं.

पुढं लायसन भरायला जरा उशीर झाला तर सर्चच बंद. पुण्याला जॉबला असलेल्या भाच्याने सर्व्हरवरची वॉर फाइल, म्हणजे जावातली अख्खी साइट ज्यात बांधलेली असते ती, उघडली, ती साधी झिपच असते, तर आत लिब फोल्डरमध्ये लुसीनची जार, म्हणजे तयार कोडची फाइल! लुसीन म्हणजे डग कटिंगने 1999 ला बनवलेलं सर्चचं सॉफ्टवेअर, 2001 पासून अपाचे या फुकट सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे, चक्क फुकट. सोलर, इलॅस्टिकसर्च ही नावाजलेली सर्च इंजिनं पण त्याच्यावरच उभी आहेत. स्पेलिंगची जादू म्हणजे त्याचंच फझी सर्च, दोन अक्षरांपर्यंतचा फरक चालवून घेतं. यांचं स्वतःचं काय, तर तारीख बघून सर्च बंद पाडणारा एक क्लास, म्हणजे कोडचा तुकडा.

आता अपाचेचं लायसन विकायला मनाई करत नाही, जोडणीची मजुरी पण घ्या ना, ती मेहनत आहे. पण डेटाबेस वेगळा आणि इंडेक्स वेगळा असतो, माल सेव्ह झाला की तिकडंही टाकायचा असतो, आमच्या साइटला हायबरनेट आहे, म्हणजे डेटाबेसात माल सेव्ह करणारं जावाचं सॉफ्टवेअर, तर त्याचंच जोडसॉफ्टवेअर हायबरनेट सर्च जोडलं असतं तरी ते आपोआप झालं असतं. ते यांनी मुद्दाम ठेवलंच नाही, कारण बिल तिथंच निघत होतं.

ही पार्टी आता धुळे-नंदुरबारकडं फिरतेय असं कळलं. कोटेशन आलं असेल तर सोर्स कोड आणि पूर्ण इंडेक्स नव्याने बनवायचं बटन आपल्या हातात मिळेल हे आधी लिहून घ्या, आणि लिब फोल्डर कोणाला तरी दाखवा. आमचा फोन तर ते आता उचलत पण नाहीत.