क्ष-किरणांचा एकच स्पंद हवाय: चॉपर घ्यावा की फिरता स्फटिक?

सिंक्रोट्रॉनमधले, म्हणजे वलयात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून मिळणारे, क्ष-किरण सलग येत नाहीत. इलेक्ट्रॉनांचा एकेक गुच्छ जातो तसा एकेक स्पंद येतो, आणि त्यातला हवा तेवढाच नमुन्यावर पडू द्यायचा तर वाटेत झडप लागते. ती किती चपळ हवी? अमेरिकेतल्या आर्गोन प्रयोगशाळेच्या ॲडव्हान्स्ड फोटॉन सोर्स या सिंक्रोट्रॉनमध्ये २४ गुच्छांच्या जुन्या मांडणीत दोन स्पंदांमध्ये १५३ नॅनोसेकंद मिळत. नूतनीकरणानंतरच्या ४८ गुच्छांत ७७च उरले.

चॉपर म्हणजे निर्वातात गरगरणारी, फट पाडलेली तबकडी. त्रिज्या १० सेंटिमीटर, सेकंदाला १,००० फेरे धरा. कडेचा वेग सेकंदाला साधारण ६३० मीटर. ०.१ मिलिमीटरची फट किरणासमोरून सरकायला १६० नॅनोसेकंद घेते. ७७ला हे पुरत नाही, आणि वेग वाढवत नेला तर तबकडीच तग धरणार नाही.

स्फटिकाला ही धावपळ लागतच नाही. ८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे किरण सिलिकॉनची १११ प्रतलं (स्फटिकातल्या अणूंच्या थरांचा एक संच) परावर्तित करतात ती ब्रॅग कोनाजवळच्या, म्हणजे त्या ऊर्जेसाठी ठरलेल्या कोनाजवळच्या, जेमतेम ०.००२ अंशांत. त्याच १,००० फेऱ्यांच्या आसावर नुसता स्फटिक बसवला, तरी त्या कोनातून जाताना झडप साडेपाच नॅनोसेकंदच उघडी राहते! आर्गोनमध्ये तर पूर्ण फिरवण्याऐवजी मिलिमीटरहून लहान सिलिकॉनचा तुकडा चिपवरच झुलवतात. सेकंदाला ७५,००० हेलकावे आणि दोन्हीकडे ३ अंश धरले, तर हिशेब दीड नॅनोसेकंदाच्या आत येतो. २०१९ साली त्यांनी ३०० पिकोसेकंदांपर्यंत मजल मारली.

मग चॉपर मोडीत काढायचा? अजिबात नाही. स्फटिकाला एकाच ऊर्जेचा, जवळपास समांतर किरण लागतो. ऊर्जांची सरमिसळ असेल तर प्रत्येकीचा ब्रॅग कोन वेगळा, म्हणजे झडप उघडण्याची वेळही वेगळी. प्रथिनांच्या लाउए प्रयोगात, म्हणजे अनेक ऊर्जांचे किरण एकदम टाकून रचना पाहताना, ऊर्जांचा रुंद पट्टा लागतो. तिथे मी डोळे झाकून चॉपर घेईन. झुलत्या तुकड्याची आणखी एक अडचण: त्याची नैसर्गिक वारंवारता वलयात इलेक्ट्रॉन फिरण्याच्या ठेक्याशी जुळेल अशी तो घडवतानाच ठरवावी लागते. चॉपरचा वेग मोटरने जुळवून घेता येतो.

एकाच ऊर्जेवर काम असेल आणि गुच्छ दाटीवाटीने येत असतील, तर माझं मत स्फटिकाला. फक्त आधी किरणाचा फाकण्याचा कोन मोजून घ्या, तो ०.००२ अंशांहून मोठा निघाला तर वरचे आकडे त्याच प्रमाणात ताणले जातील.