चिनी संग्रह सुरू करताना: भांडी, तपकिरीच्या कुप्या की कँटनची चित्रं?

तिन्ही एकदम जमवायच्या भानगडीत पडू नका. पैसे किती आणि जागा किती हे प्रश्न नंतरचे. आधी बघायचं ते एवढंच, की वस्तूतली खोट तुम्हाला दिसते की फक्त विकणाऱ्याला? या निकषावर क्रम लावला, तर तो बहुतेकांच्या मनातल्या क्रमाच्या बरोबर उलटा येतो.

सगळ्यात मोठी मोहिनी भांड्यांची. नवखा माणूस जिंगदेझेनचं, म्हणजे चीनमधल्या भांड्यांच्या प्रसिद्ध गावचं, निळं-पांढरं भांडं हातात आलं की ते उलटं करून बुडावरचा शिक्का शोधतो. शिक्क्यात बादशहाचं नाव असतं, त्यामुळे काळ कळला असं वाटतं. पण कांग्शी बादशहाच्या कारकिर्दीतल्या (१६६२ ते १७२२) कारागिरांनी दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा बादशहाचे शिक्के खुशाल वापरले. त्यात फसवायचा हेतू असायचाच असं नाही, जुन्याबद्दलचा आदर होता. पुढे एकोणिसाव्या शतकात खुद्द कांग्शीच्याच नावाचे शिक्के नव्या मालावर आले. शिवाय १६७७ मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली होती. म्हणून त्या काळच्या कितीतरी अस्सल भांड्यांच्या बुडाला नुसती दोन निळी वर्तुळं दिसतात, आत रिकामी जागा किंवा एखादं पान. थोडक्यात, शिक्का आहे म्हणून हुरळू नये आणि नाही म्हणून टाकूनही देऊ नये.

त्यापेक्षा बुडाची कड बघा. तिथे झिलई नसते, उघडी माती असते. चांगल्या जुन्या भांड्याची कड बोटाला बारीक, घट्ट लागते, आणि झिलई संपते तिथे पुष्कळदा नारिंगी-तपकिरी रेघ दिसते. वापराचे ओरखडे सगळ्या दिशांनी, कमीजास्त खोल असावेत. एकाच दिशेने सारखे ओढलेले दिसले तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवला आहे. मग भांडं तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. नाद बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. डागडुजीवरचा नवा रंग अतिनील टॉर्चखाली बहुधा वेगळा चमकतो. एवढं करूनही हुशार कारागिराने जोडलेली कड नजरेतून सुटते, हा भांड्यांचा खरा धोका.

छंगह्वा काळातला कोंबड्याच्या चित्राचा एक प्याला २०१४ मध्ये हाँगकाँगला २८ कोटी हाँगकाँग डॉलरांवर गेला. घेणाऱ्या ल्यू यीछ्येन यांनी त्यातून चहा पिऊन दाखवला. तो बाजार आपला नव्हे. आपल्यासाठी बुडालेल्या जहाजांवरचा माल बरा. १७५२ मध्ये बुडालेल्या ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजावरची भांडी १९८६ मध्ये अॅमस्टरडॅमला विकली गेली. १८२२ मध्ये बुडालेल्या ‘टेक सिंग’ या चिनी जहाजावरचे साडेतीन लाखांच्या आसपास नग २००० मध्ये श्टुटगार्टला लिलावात आले. समुद्राने त्यांची चकाकी खाल्लेली असते, पण काळ ठरलेला असतो. लिलावाची चिठ्ठी आणि कागद मात्र मागून घ्या, कारण नुसती चिठ्ठी कुणीही चिकटवतो. हाच माल आपल्या किनाऱ्यावरूनही जात असे: गोव्याजवळच्या सुंची खडकावर फुटलेल्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत चिनी भांड्यांचे तुकडे सापडले आहेत.

कुप्यांचं प्रकरण वेगळं. तपकीर चीनमध्ये आली ती युरोपातून, पण युरोपातली डबी तिथे रुळली नाही. दमट हवेत तपकीर ओलसर होई, म्हणून बूच आणि बुचाला लावलेला बारकासा चमचा असलेली कुपी आली. काच, अकीक, जेड, चिनी माती, धातूवरचा मिना, ज्याची त्यात हौस. एका कपाटात पन्नास कुप्या मावतात, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला याहून सोयीचा संग्रह नाही. अकीकाच्या कुपीची पारख मला फार आवडते: आतून इतकी पोखरलेली असावी की पाण्यावर तरंगावी. तोंड करंगळीही शिरणार नाही एवढं, आणि आतलं काम अंदाजानेच!

पण नवख्याने सगळ्यात जपायचं ते इथेच. वाकड्या टोकाच्या बारीक लेखणीने आतून रंगवलेल्या कुप्या बघा. झोउ लयुएन, मा शाओश्युआन यांनी १९०० च्या आगेमागे ही कला गाजवली आणि ती अजून जिवंत आहे. आजचा चित्रकारही अप्रतिम काम करतो आणि जुन्या उस्तादाची सही शंभर वर्षांनी केलेली असू शकते. फुटकं-तुटकं काही नाही, काम सुरेख, फक्त काळ खोटा. बूच बदललेलं असेल तर त्याचा बाऊ करू नका, मूळ बुचं बहुतेक हरवलेलीच असतात. हस्तिदंताची कुपी मात्र कितीही देखणी असली तरी नको. वन्यजीव कायद्यात अडकाल.

राहिली चित्रं, आणि माझा कौल यांनाच. कँटन म्हणजे दक्षिण चीनमधलं आजचं ग्वांगझू बंदर; तिथल्या परदेशी वखारींलगतच्या गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकात ही दुकानं होती. लामक्वा, त्याचा भाऊ टिंगक्वा, सुनक्वा, यूक्वा ही त्यातली गाजलेली नावं. एका झाडाच्या गाभ्याचे पातळ काप काढून केलेल्या कागदावर जलरंगात चहाची लागवड, बोटी, फुलपाखरं, कारागीर, कधी कधी अंगावर काटा आणणाऱ्या शिक्षा. साधारण बारा पानांचा संच, कडेला निळी रेशमी फीत, जाड कापडी पुठ्ठा. अफू-कापसाच्या व्यापारात कँटनला गेलेल्या मुंबईच्या पारशी शेटियांनी तिथल्या चित्रकारांकडून स्वतःच्या तसबिरीही करून घेतल्या. त्यामुळे हा विषय मुंबईकराला परका नाही.

यांची खोट लपत नाही. पान उजेडासमोर आडवं धरा: चीर गेली असेल तर दिसते, बुरशीचे ठिपके दिसतात, मागून लावलेली पट्टी दिसते. पांढरा रंग गाभ्याच्या कागदावर मखमलीसारखा वर उठून बसतो, छापील नकलेत तो सपाट असतो. चांगल्या भांड्यांच्या मानाने दामही माफक. तोटा एकच, पण मोठा: कागद सुकला की बिस्किटासारखा मोडतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरतो. वाकलेलं पान सपाट करायला जाऊ नका, ऊन लागेल अशा भिंतीवर टांगू नका. आम्लविरहित पुठ्ठ्यात, काच चित्राला टेकणार नाही अशी चौकट करून घ्या.

कायद्याचं एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे इथे घेतलेली उद्या लंडनला विकू, हा हिशेब चुकीचा. चित्रांची नोंदणीही करावी लागते. भांड्यांच्या मागे तेवढं लचांड नाही. परदेशी लिलावातून मागवणार असाल, तर बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन, वाहतूक आणि सीमाशुल्क चढतं. बोली लावण्याआधीच सीमाशुल्काच्या एजंटाला विचारा, आणि भांड्याच्या पॅकिंगचा खर्च वेगळा धरा.