अर्ज कोणी भरायचा, पालकांनी की मुलांनी?

कॉलेज प्रवेशाचा अर्ज पालकांनी भरला की काम झटपट उरकतं. स्पेलिंग चुकत नाही, मुदत टळत नाही. पण मग पासवर्ड बाबांकडे, ओटीपी आईच्या फोनवर आणि पसंतीक्रम नक्की कुणाचा, हे कुणालाच धड सांगता येत नाही. विद्यापीठाचा ईमेलही ज्याच्यासाठी आला त्याला सोडून सगळ्यांना दिसतो.

मुलांनी भरला तर वेळ लागतो, चिडचिड होते, एखादं कागदपत्र शेवटच्या रात्री शोधावं लागतं. तरी माझं मत याच बाजूला. विषयांची यादी स्वतः वाचली की भारदस्त नावाच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्षात काय शिकवतात ते कळतं. पालकांनी तारखा कॅलेंडरवर लिहाव्यात, शुल्क किती झेपेल ते आधीच मोकळेपणाने सांगावं, सबमिट करण्याआधी एकदा नजर टाकावी. अर्जातल्या 'हाच विषय का?' या निबंधाला मात्र हात लावू नये. 17 वर्षांच्या मुलाच्या तोंडी 45 वर्षांची भाषा लगेच ओळखू येते.

निकाल फारच अनपेक्षित लागला, तर फेरतपासणीची मुदत पालकांनीच बघावी. ती बहुधा थोड्याच दिवसांची असते, आणि मूल तेव्हा दार लावून बसलेलं असतं.