‘आके’: मुलाच्या नजरेतून अबेओकुटाच्या बायकांचा करलढा

नायजेरियन लेखक वोले शोयिंका यांच्या ‘आके’ या बालपणीच्या आठवणींच्या पुस्तकात (१९८१) नायजेरियाचं स्वातंत्र्य शोधायला गेलात तर निराश व्हाल. देश स्वतंत्र झाला १ ऑक्टोबर १९६० ला. पुस्तक मात्र अकरा वर्षांचा वोले अबेओकुटा हे आपलं गाव सोडून इबादान शहरातल्या सरकारी शाळेला निघतो तिथेच संपतं. पण इंग्रजांची सत्ता गावपातळीवर कुणाच्या हातून चालायची आणि तिला तडा कुणी दिला, हे यात फार नेमकं दिसतं.

सुरुवात संथ आहे. मिशनचं आवार, पेरूचं झाड, आईचं दुकान. नावांचा गोंधळ होतो, म्हणून आधीच लिहून ठेवा: ‘एसे’ म्हणजे मुख्याध्यापक वडील (आद्याक्षरं एस. ए.), ‘वाइल्ड ख्रिश्चन’ म्हणजे आई, ‘बेरे’ म्हणजे बायकांच्या लढ्याच्या पुढारी फुन्मिलायो रॅन्सम-कुटी आणि ‘दाओदू’ त्यांचे पती. कंटाळा आला तरी पुस्तक मिटू नका; खरा ऐवज शेवटच्या प्रकरणांत आहे.

इंग्रज इथे स्थानिक राजामार्फत, म्हणजे अलाकेमार्फत राज्य करत. आपल्याकडच्या संस्थानांची आठवण होईल अशीच ही व्यवस्था. बायकांवर स्वतंत्र कर होता, तोही मुलींवर मुलांपेक्षा लहान वयापासून. सुशिक्षित बायका बाजारात बसणाऱ्यांना अक्षरं शिकवू लागतात, वर्गात कराच्या तक्रारी निघतात आणि त्यातून संघटना उभी राहते. छोटा वोले शिकवायला मदत करतो, निरोप पोचवतो. त्यामुळे तो नुसता बघ्या राहत नाही. बायकांना गप्प करा म्हणणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला बेरे ‘स्वतःच्या आईशी असं बोलशील का?’ असं सुनावतात, तो प्रसंग तर चुकवूच नये.

इतिहास म्हणून वाचणाऱ्यांनी एक सावधगिरी घ्यावी. पुस्तकात सन फारसे नाहीत आणि काळ आवळलेला आहे. लेखक १९४६ मध्ये इबादानला गेले, पण मोठी निदर्शनं १९४७ च्या अखेरची. अलाकेला गादी सोडावी लागली जानेवारी १९४९ मध्ये, आणि १९५० मध्ये तो परतलाही! प्रकल्पात किंवा निबंधात तारखा इथून उचलू नका.

इंग्रजी सोपं नाही. वाक्यं लांब, तिथल्या योरुबा भाषेतले शब्द भरपूर. स्वातंत्र्यापर्यंतचा आणि त्यानंतरचा प्रवास हवा असेल तर त्यांचंच ‘इबादान’ (१९९४) पुढे घ्या, ते १९४६ पासून १९६५ पर्यंत जातं.